अप्पाच्या हातातलं झेंड्याचं गाणं

कोल्हापूर, उत्तरेश्वर पेठ
२० ऑगस्ट २००१

शिवे,

तुजं पत्र मिळालं. सा वर्सांनी चार वळी. पोष्टमन म्हणला, "मावशी, मुंबईचं दिसतंय, कुणाचं वं?" म्हटलं, "सरकारचं. मला गव्हर्नर कराल्यात." त्यो च्या पिऊन गेला, मग फोडलं.

चार वळीतल्या तीन खुशालीच्या. चौथ्या वळीत तुजा सवाल. 'अव्वा, अप्पा शेवटाला माझ्याबद्दल काय म्हणला का?' तुला दीड वर्स लागलं इचारायला, मला बी जरा येळ दे. आदी माझं आईक. घरात बोलायला माणूस न्हाय. तानाबाई हाय शेजारची, पर ती बोलतीया, आईकत न्हाय.

परवा पंदरा आगष्टला मी आपल्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत गेलते. हंबीरराव सर घरी आलते आदल्या आठवड्यात. म्हणलं, "बसव्वा, तुजा भरमाप्पा गेल्यापास्नं पोरं झेंड्याम्होरं नुस्ती हुबी ऱ्हात्यात. टेप वाजती, त्यास्नी काय कळतंय? तूच घे गाणं हातानं." तानाबाईनं भिताडापलीकडनं आईकलं की लगेच. "अगं बाई, कपाळ मोकळं घिऊन झेंड्याम्होरं हुबी ऱ्हाणार व्हय?" म्हटलं, "झेंडा तरी कुठं जोडीनं हुबा असतोय?"

तर गेले. पांढरं लुगडं न्हाय नेसले, निळं नेसले. तुज्या अप्पाला निळं आवडायचं.

त्या गाण्याची गंमत तुला आर्धीच ठाव हाय. सरांनी गाणं केलं एक्याण्णव साली, तवा तू सोळाची हुतीस. आरशातनं बाहीर कवा येत हुतीस? म्हून सांगते.

सरांनी सोताच लिवलं, सोताच पेटीव बसवलं, बायांनी म्हटलं, टेप केली. आता मुक्या-बहिऱ्या पोरांस्नी त्ये हातानं कोण सांगणार? तवा शाळेतल्या मास्तरांस्नी हातानं 'जेवलास का' बी इचारता येत नव्हतं. म्हून तुज्या अप्पाला बलवलं. त्यो जलमाचा बहिरा, पोरं त्येच्याभवती मुंग्यांगत. मी संगं, कारण माझं कान चालत्यात. सरांनी कसलं तर कॅलेंडर आणलं. भारतमाता हुबी, पायात बेड्या. सर म्हणलं, "बसव्वा, सांग त्येला. आईच्या पायात बेड्या हुत्या, पोरांनी तोडल्या, आई मोकळी झाली, झेंडा वर गेला."

मी सांगितलं. त्येनं चित्र डोळ्याजवळ धरलं. शिवे, हुपरीचा माणूस. जलमापास्नं बायकांच्या पायात घालायच्या साखळ्या घडवलेल्या. त्यो मला हातानं म्हणाला, ह्ये तोडं हायत. मी म्हटलं, न्हाय, लोकंड हाय, बेडी, चोराच्या पायात घालत्यात ती. त्यो माझ्याव खवळला. आईच्या पायात लोकंड? कोण घालंल? तुला दागिन्यातलं काय कळतंय? आमी दोगं हातानं भांडालतो आणि सर टाळ्या वाजवून म्हणालते, "वा वा, झ्याक बसालंय!"

शेवटी त्येनं त्येचंच केलं. आई उंबऱ्याव बसती. एका पायातला तोडा काढती, मग दुसऱ्या पायातला. पदरात बांधती. पोरांच्या हातात देती. जावा, लढायला जावा, वाटखर्चीला न्हाई म्हणू नका. पोरं जात्यात. झेंडा वर जातोय. आणि आई डोळ्याव हात धरून वाटंकडं बगती. मग पोरगं येतंय, आईचं पाय धरतंय, तोडं परत घालतंय.

झाली की न्हाय गंमत? टेपवर बेड्या तुटाल्यात, धडाधड ढोल वाजालाय, आणि पोरांच्या हातात एक बाई पायातली चांदी उतरवालीया. पावण्यांस्नी काय कळतंय? आईनं डोळ्याव हात धरला की त्यास्नी वाटायचं सलामी. एका वर्सी तर सगळी पावणं उठून उलटी सलामी देऊन हुबी. मी पदर तोंडात कोंबून हासलते. टेप संपायची तरी अप्पाचं हात चालूच असायचं. मैदानात आवाज न्हाय कसला. दीडशे पोरं त्येच्या हाताकडं बगालीत.

तू घर सोडून गेलीस त्येच्या म्होरं चार वर्सांनी, लढाईच्या साली, शाहूवाडीकडची एक माय पावणी म्हून आणलती. तिचं पोरगं वर डोंगरात गेलं हुतं, परत आलं न्हाय. चांगली ऐकणारी बाई, हातानं बोलायचं तिला कशाला ठाव असंल? पर आईनं पयला तोडा काढला आणि ही बाई रडाया लागली. सगळ्यांस्नी वाटलं गाण्यानं रडाली. ती टेपकडं बगतच नव्हती. शेवटाला पोरगं परत आलं, तोडं घातलं, आणि त्या माउलीनं मान खाली घातली.

त्या दिवसापास्नं तुज्या अप्पानं शेवट काढून टाकला. मला इचारलं न्हाय, सरांस्नी इचारलं न्हाय. जानेवारीला गाणं घेतलं तवा आई डोळ्याव हात धरून वाटंकडं बगती, आणि संपलं. पुढच्या म्हयन्यात त्योच गेला.

परवा मी तसंच घेतलं. माझं हात त्येच्यावानी चालत न्हाईत, भाकऱ्या थापणाऱ्या बाईचं हात. पोरं मागं मागं करालती. एक बारकी मदीच थांबली आणि मला म्हणाली, अप्पा असं करत नव्हता. म्हटलं, अप्पा मेला, आता माझं बगून घे.

तुज्या सवालाचं पुढल्या पत्रात. पान संपलं. आणि जावायबापूंस्नी सांग, लसूण न खाता तुला सांभाळत्यात म्हंजी माणूस सोसणारा हाय.

तुजी अव्वा


कोल्हापूर
२ फेब्रुवारी २००२

शिवे,

मी खवळलीया. म्हून हे पत्र 'खुशाल हाय' बिय न लिवता लिवते.

सव्वीस जानेवारीला आपली पोरं पुण्याला गेलती, सगळ्या मुक्या-बहिऱ्या शाळांची गाण्याची स्पर्धा हुती. नवी बाई आलीया शाळेत, सुष्मिता नावाची, मुंबईला कोर्स करून आलेली, ती घिऊन गेलती. परत आल्याव पोरं जेवंनात. का, तर आपली पोरं गाणं कराय लागल्याव बाकीच्या शाळांची पोरं हसाय लागली. एकानं हातानं इचारलं म्हणं, ह्ये काय झेंड्याचं गाणं हाय का सराफाचं दुकान?

सुष्मिताबाई घरी आली. पोरगी बरी हाय, हात सुद्ध हायत तिचं, पर घाईनं बोलती. म्हणाली, "मावशी, आता देसभर एकच खुणा करायच्या ठरल्यात. 'आई' अशी, 'देश' असा, 'मोकळं' असं." दोन मुठी एकावर एक धरल्या आणि फाडकन उघडल्या. "तुमच्या सरांचं गाणं पण ह्या खुणांच्या कमिटीनं घेतलंय. बेड्यांचा अर्थ बरोबर करून." आणि एक छापील कागद दिला, प्रत्येक वळीला हाताची चित्रं. खाली कमिटीची नावं. तिसरं नाव तुजं.

व्हय गं? त्येचं हात तू पुसालीस?

मला ठाव हाय तुज्या मनात काय हाय. त्येनं डोळं मिटलं त्ये. सांगू का, मी बी ईसरले न्हाई. तू सांगालतीस त्येला, अनेकांतशी लगीन करणार, जैनाचा हाय तर काय झालं. तुजं हात कसं चालालते, सुगरणीचं घरटं इणालीस असं. आणि त्येनं डोळं मिटलं. ऐकणाऱ्यांच्या घरात बाप वरडतोय, दार आपटतोय. आपल्या घरात डोळं मिटलं म्हंजी दार आपटलं, वरनं कडी घातली. तू त्येचं गुडघं धरून हलवलंस. हात धरलंस. त्येच्या हातावरच बोलायला बगितलंस, त्येनं मुठी आवळल्या. मग तू गेलीस. जाताना पिशवी माझ्याकडनं मागितलीस, चेन तुटकी हुती तिची.

म्हून त्येचं गाणं पुसायचं? त्येनं तुज्याशी बोलणं बंद केलं, आता तू त्येचं बोलणं बंद कर. फिटंफाट.

सुष्मिताबाईला मी च्या दिला. तुला देणार न्हाई.

बसव्वा


कोल्हापूर
९ जुलै २००२

शिवलीले,

तुजं लांब पत्र मिळालं. आठ पानं! तू चौथीत निबंधाला आठ वळी लिवत न्हवतीस, गुरुजी मला शाळंत बलवायचं.

तू लिवलंस, "अव्वा, पोरांस्नी गाण्यात काय हाय त्ये कळायचा हक्क हाय. अप्पानं सांगितलं त्ये कितीबी गोड असू दे, त्ये गाणं न्हाई. ऐकणाऱ्यांस्नी एक आणि बहिऱ्यांस्नी दुसरं, हे किती दिवस?" पत्र वाचून मी चुलीत घालायला निगालते. मग म्हटलं, आदी अमरेशला इचारू.

अमरेश तुला ठाव हाय, शाळेतलाच, आता शुक्रवार पेठंत कपड्यांस्नी इस्त्री करतोय. त्येच्याइतकं त्ये गाणं जीव लावून कुणी केलं न्हाई. त्यो आईचा पार्ट करायचा तवा पोरं श्वास धरून बसायची. त्येचा थोरला भाऊ मिलिटरीत. मी दुकानात गेले, इस्त्री बाजूला ठेवाय लावली आणि त्येला समदं सांगितलं. त्या चित्रात चांदी नव्हती. लोकंड हुतं. दुसऱ्या लोकांनी घातलं हुतं. पोरांनी आईची चांदी नेली न्हाई, आईची बेडी तोडली.

मला वाटलं हसंल. मी हासतच सांगालते.

त्येनं इचारलं, हे पावण्यांस्नी ठाव हुतं? म्हटलं, व्हय, टेपवर त्येच हुतं. सरांस्नी? व्हय. तुला? व्हय. मग त्यो हातानं म्हणाला, शिवे, हे मी जसंच्या तसं लिवते: म्हंजी दहा वर्सं आमी एक बोलत हुतो आणि तुमी दुसरं आईकून टाळ्या वाजवत हुता. आमाला येडं केलं.

म्हटलं, न्हाय रं बाळा, अप्पाचं चांगलं हुतं म्हून. त्यो म्हणाला, चांगलं हाय का वाईट त्ये आमी ठरवलं असतं. आदी दोन्ही सांगायचं हुतं.

आणि त्येनं पाठ फिरवली, गरम इस्त्री घिऊन कुणाच्या तर शर्टाव फिरवाय लागला. आता पाठ फिरवल्याव मी काय बोलणार? दुकानाभायेर हुबी ऱ्हायले. म्होरनं जाणारी एक बाई म्हणाली, "काय वं मावशी, कापडं राहिली व्हय?" म्हटलं, "व्हय बाई, लई ऱ्हायली."

तर तू बरोबर हाईस. हे लिवताना बोट दुखालंय, तरी लिवलं. तुजं गाणं शिकव पोरांस्नी.

पर एक मागणं हाय माझं. तुज्याकडं कॅमेरावाली माणसं असत्यात म्हणं. तुजं नवं गाणं सुरू व्हायच्या आदी एकदा, फकस्त एकदा, अप्पाचं गाणं त्या कॅमेऱ्यात घेऊ दे. त्येचा एकबी फोटो न्हाई हात हलतानाचा. लग्नातला हाय, त्यात हात खिशात. ऐकणाऱ्या माणसाचा आवाज टेपात ऱ्हातोय. ह्येचं काय ऱ्हायलं? पुन्हा कोणच म्हणू नये त्ये गाणं, पर कुठंतर असू दे.

तुज्या सवालाचं मला ध्यानात हाय. कॅमेरा येऊ दे, मग सांगते.

अव्वा


कोल्हापूर
१९ ऑगस्ट २००३

शिवे, लेकी,

कॅमेरा येऊन गेला. एक वर्स लावलंस, पर पाठवलास. त्यो पोरगा मोठा सभ्य, मला 'म्याडम' म्हणाला. तानाबाई दोन दिस मला म्याडमच म्हणाली.

आदी पंदरा आगष्टचं सांगते. सुष्मिताबाईनं नवं गाणं घेतलं, तुमचं. मी खुर्चीव बसून बगितलं. चांगलं हाय गं. पोरं मुठी उघडत्यात तवा एकदम पाखरं उडाल्यागत दिसतंय. टेप आणि हात संगं सुरू, संगं बंद. आणि गाणं झाल्याव एका बारकीनं बाईला इचारलं, बेड्या कुणी घातल्या हुत्या? का घातल्या? बाई तासभर सांगत बसली. अप्पाच्या गाण्यानंतर असा सवाल कुणी केला नव्हता. त्येच्या गाण्यानंतर पोरं गप घरी जायची.

दुसऱ्या दिशी कॅमेरा. मी जुनी पोरं गोळा केलती. अमरेश आला. मला वाटलं येणार न्हाई, आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्येच्या आदीचा एक, पैल्या तुकडीतला, आता गुजरीत सराफाकडं पॉलिश करतोय त्यो मल्लेश. आणि शेवटच्या साली शिकलेली चंदना. म्हटलं, मी करते, चुकले तर सांगा.

आई उंबऱ्याव बसली, इथंच मल्लेशनं थांबवलं. उंबऱ्याव न्हाय, आई हुबी असती, वाकून काढती. अमरेश म्हणाला, बसती. चंदना म्हणाली, तोडा एकच काढती, दुसरा पायातच ऱ्हातोय, अप्पानं तसं शिकवलं. मल्लेश म्हणाला, एक कशाला काढंल, येडी हाईस का? मग शेवट आला. मल्लेश म्हणाला, पोरगं परत येतंय. चंदना म्हणाली, येत न्हाय. मल्लेशनं तिचा हात धरून खाली केला आणि जोरात हातानं म्हणाला, येतंय, मी सोता बगितलंय अप्पाच्या हातात! ती रडाया लागली. तिला खरंच ठाव न्हाई गं, ती शाळेत आली तवा पोरगं यायचं बंद झालं हुतं.

कॅमेरावाला मला म्हणतोय, "म्याडम, कुठलं घेऊ?"

मी डोळं मिटून अप्पाचं हात आठवाय बगितलं. आठवलंच न्हाई. मला माझंच हात दिसालते, भाकरीचं. उंबरा का हुबी, एक तोडा का दोन, काय सांगता येईना. त्येनं बी दर वर्सी जरा जरा बदललं असंल, मला दिसलं नसंल. आणि मी दोन वर्सं माझ्या मनाचं केलंय. तुला मी म्हणालते, तू पुसालीस. पुसायला तू यायच्या आदीच न्हवतं की. त्यो गेला तवाच गेलतं.

म्हटलं, "बंद कर बाबा कॅमेरा. ह्यास्नी आदी जेवू दे." चौघांनी वांग्याची भाजी खाल्ली आणि त्ये तिघं संध्याकाळपत्तर भांडत बसलं, पोरगं आलं का न्हाई. लई दिसांनी माझ्या सोप्यात एवढं हात हाललं.

तवा कॅसेट कोरी हाय. तुजी कमिटी काय म्हणंल मला ठाव न्हाई.

आता तुजा सवाल. मी दोन वर्सं तुला गोल गोल फिरवलं, कारण उत्तर लहान हाय.

दवाखान्यात त्येला ताप चढला तवा त्यो सलाईनची सुई काढायचा. दोनदा काढली. मग नर्सनं मनगटं बँडेजनं खाटंच्या दांडीला बांधली. मी म्हटलं, "बाई, त्यो बहिरा हाय. हात म्हंजी त्येचं तोंड हाय, तोंड कुणी बांधतंय व्हय?" ती म्हणाली, "मावशी, सुई निगाली तर तुमी जबाबदारी घेणार काय?" ती बी बिचारी, एका नर्सच्या अंगाव सगळा वार्ड.

शेवटाला त्यो काय म्हणला? काय म्हणला न्हाई. म्हणायला हात मोकळं न्हवतं.

मी त्येच्या बांधलेल्या हाताच्या तळव्याव तुजं नाव लिवलं. लिवलं म्हंजी त्यो गालावर बोट फिरवून तुज्या खळीवरनं तुजं नाव घ्यायचा त्ये, मी त्येच्या तळव्यात फिरवलं. बोटं हाललीत. पर तापानं ती सारखीच हालत हुती, नर्सनं हात लावला तरी हालायची. डोळं आर्धं उघडं हुतं, तापातल्या माणसाचं असत्यात तसं. त्येवरनं काय धरू नगं. मी बी धरलं न्हाई.

मी केवढी थापाडी बाई हाय तुला ठाव हाय. पोष्टमनला गव्हर्नर म्हून सांगते. तुला एक थाप मारायला मला काय जड हुतं? त्येनं माफ केलं, त्येनं तुजं नाव घेतलं. लिवायला दोनदा बसले. न्हाई लिवलं. अमरेशच्या दुकानाभायेर हुबी ऱ्हायल्यापास्नं मला गोड करून सांगायचं भ्या वाटतंय.

आपल्या दोघींस्नी त्येच्याकडनं काय मिळालं न्हाई, शिवे. तुला शबूद न्हाई, मला गाणं न्हाई. हे असंच ऱ्हाणार, हे कोण दुरुस्त करणार न्हाई.

तू ये एकदा. अनेकांतला आण. लसूण घालणार न्हाई, बिनलसणाची आमटी कशी लागती त्ये बी बगू. तुजं नवं गाणं मला शिकव, माझ्या मुठी नीट उघडत न्हाईत, सुष्मिताबाईपुढं लाज वाटती.

एस्टीनं आलीस तर मी स्टँडाव येते. गर्दीत हाक मारू नगं, माझं कान बी आता तसंच झाल्यात. लांबनंच हातानं सांग काय सांगायचं त्ये. मला अजून लांबचं चांगलं दिसतंय.

तुजी
अव्वा